मुक्काम आणि पोस्ट

येत्या पंधरा दिवसांत आम्ही ऊर्जानगर सोडतो आहोत. चंद्रपूरच्या वीज केंद्रात मी कारकून म्हणून आयुष्य काढलं. आता निवृत्त झालो, तेव्हा क्वार्टर रिकामी करून द्यायला हवी. नवं घर काही परमुलखात नाही. ताडोबा रस्त्यानं शहराकडे निघालं की तुकूम लागतं, तिथेच आहे. सामान बांधायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, भांडी, पुस्तकं आणि कविसंमेलनांतून मिळालेल्या शाली एवढाच काय तो प्रश्न. पण दुसऱ्याच दिवशी थोरली मुलगी दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अब्बा, आपण क्वार्टर सोडली तर माझी फाइल बंद होईल का?”

फाइल म्हणजे तिच्या अमेरिकेच्या व्हिसाची फाइल. आमचे जावई मूळचे वणीचे. सहा-सात वर्षांपूर्वी ते आईवडिलांबरोबर ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला गेले. दोन वर्षांपूर्वी इथे येऊन निकाह केला, चाळीस दिवस राहिले आणि परत गेले. गेल्यावर त्यांनी बायकोसाठी अर्ज भरला. तेव्हापासून मुलगी कधी वणीला सासरी, कधी ऊर्जानगरला आमच्याकडे, अशी राहते आहे. तिचं अर्धं सामान अजून बॅगेतच असतं.

तिची भीती उगाच नव्हती. ज्या एजंटाकडून आम्ही सुरुवातीला कागद भरून घेतले, त्यानं बजावून सांगितलं होतं, “केस चालू असताना पत्ता बदलायचा नाही. बदलला की तिकडे संशय येतो.” त्याच्या या एका वाक्यापायी आम्ही क्वार्टर आणखी काही महिने ठेवता येईल का, याचा हिशोब मांडून बसलो होतो. मुदतीनंतर राहिलं की दंडाचं भाडं लागतं, आणि ते निवृत्तीच्या पैशातून जातं. मुलीची आई म्हणाली, “जाऊ दे पैसे, पोरीचं काम होऊ दे.” आईनं तसं म्हणणं स्वाभाविक आहे. मी मात्र सरकारी कागदांत हयात घालवलेला माणूस. म्हटलं, पैसे भरायच्या आधी नियम तरी वाचू. वाचला. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो. आपल्या जिल्ह्यातली मुलंमुली आता कुठे कुठे जातात. ही वेळ उद्या तुमच्याही घरी येऊ शकते.

पहिली गोष्ट सगळ्यात सोपी आहे. अर्ज प्रलंबित असताना घर बदलायला कुठलीही बंदी नाही. नवराबायकोच्या अर्जात तपासतात ते लग्न खरं आहे का, बोलावणाऱ्याची ऐपत आहे का, येणाऱ्यावर काही गुन्हा आहे का, प्रकृती कशी आहे. तुम्ही क्वार्टरमध्ये राहता की तुकूमला, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांना एवढंच हवं असतं की पत्र पाठवलं तर ते तुमच्या हाती पडावं.

आता मी पडलो शब्दांच्या नादाचा माणूस. ‘पत्ता’ हा शब्द घ्या. आपण म्हणतो, त्याचा पत्ता लागला, त्याचा पत्ताच नाही, त्याचा पत्ता कापला. माणूस हरवला की तो बेपत्ता. म्हणजे आपल्या भाषेत पत्ता ही विटामातीची गोष्ट नाहीच, माणूस सापडण्याची खूण आहे. आणि आपले आजोबा पत्रावर काय लिहीत? ‘मुक्काम पोस्ट’. मुक्काम म्हणजे आपण राहतो ते गाव आणि पोस्ट म्हणजे पत्र येतं ते गाव. पुष्कळदा दोन्ही वेगळी असत. मुक्काम एका वाडीत आणि पोस्ट चार कोसांवर. त्या अडाणी म्हटलेल्या माणसांना ठाऊक होतं की राहणं आणि सापडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घर बदलताना आपण त्या एक समजतो आणि घोटाळा करून ठेवतो.

आपल्या पत्त्यातला पिनकोडही एका कवीचीच देणगी आहे, हे अनेकांना माहीत नसेल. टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतातले कवी आणि नाटककार. त्यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, न लागणारं अक्षर, यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिले तीन आकडे पत्र कुठल्या जिल्ह्याच्या छाननी केंद्राकडे जायचं ते सांगतात आणि शेवटचे तीन कुठल्या टपाल कचेरीतून वाटायचं ते. आमचं घर पाच-सहा किलोमीटर सरकणार, पहिले तीन आकडे तेच राहणार. पण शेवटचे बदलले की पोस्टमन बदलला. ज्या पोस्टमननं मुलीला लहानपणापासून पाहिलं, तो आता तिची पत्रं घेऊन येणार नाही.

आता अर्ज कसा चालतो ते पाहू, म्हणजे पत्ता कुणाला कळवायचा ते आपोआप कळेल. अमेरिकेतला नवरा किंवा बायको तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१३० नावाचा अर्ज भरते. त्यात हे लग्न खरं आहे असं सिद्ध करायचं असतं. तो मंजूर झाला की फाइल जाते नॅशनल व्हिसा सेंटरकडे. हे न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी आहे. तिथे शुल्क भरायचं, ऑनलाइन अर्ज भरायचा, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि नवऱ्याच्या उत्पन्नाची हमी हे सगळं चढवायचं. हमी देणाऱ्याचं उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट असावं लागतं. सगळं पूर्ण झालं आणि रांगेतला नंबर आला की फाइल मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत येते, वांद्रे-कुर्ला संकुलात. तिथे वैद्यकीय तपासणीचे कागद घेऊन मुलाखत. फाइलच्या क्रमांकाची गंमत सांगतो. मुंबईच्या फायलींवर सुरुवातीला ‘बीएमबी’ ही अक्षरं असतात. शहराचं सरकारी नाव १९९५ साली बदललं, पण फायलीच्या अक्षरांत बॉम्बे अजून मुक्कामाला आहे.

थोडक्यात, एकाच अर्जाच्या तीन कचेऱ्या. एकीला सांगितलेला पत्ता दुसरीला आपोआप कळतो असं धरून चालू नये. सरकारी कचेरीत इतकी वर्षं बसलो, म्हणून खात्रीनं सांगतो. एका टेबलावरची नोंद शेजारच्या टेबलावर जायला कधी कधी महिना लागतो. हे तर तीन शहरं आणि मध्ये दोन समुद्र! ज्या कचेरीकडे फाइल आज आहे तिला पत्ता कळवायचा, आणि फाइल पुढे सरकली की पुढच्या कचेरीलाही पुन्हा कळवायचा.

यात दोन बाजू आहेत. तिकडे राहणाऱ्यानं घर बदललं तर नियम कडक आहे. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या बहुतेक प्रत्येकानं, ग्रीन कार्डवाल्यानंसुद्धा, घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत नवा पत्ता कळवायचा असतो. हे आता घरबसल्या ऑनलाइन होतं. नागरिकाला हा नियम लागू नाही, पण त्यानं बायकोसाठी अर्ज केला असेल तर त्या अर्जापुरता पत्ता त्यानंही कळवायलाच हवा. आणखी एक. आपण टपाल खात्याला सांगून ठेवलं की पत्रं नव्या घरी पाठवा, तरी इमिग्रेशन खात्याची पाकिटं तशी पुढे पाठवली जात नाहीत. ती परत जातात.

परक्या माणसानं पत्ता कळवावा हा नियम आला कुठून? युद्धातून. दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाखाली १९४० साली अमेरिकेनं परदेशी लोकांच्या नोंदणीचा कायदा केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३९ मध्ये, इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात परदेशी लोकांच्या नोंदणीचा कायदा केला होता. दोन्हीकडे भीती एकच, हा माणूस आहे कोण आणि रात्री झोपतो कुठे. युद्ध संपलं, भीतीही कमी-जास्त होत राहिली, पण तेव्हा सुरू झालेला पत्त्याचा रकाना काही गेला नाही.

आता इकडच्या बाजूची गोष्ट, आणि इथेच आम्ही ठेच खाल्ली. व्हिसा सेंटर हल्ली बहुतेक सूचना ई-मेलनं पाठवतं. म्हणजे त्यांच्या लेखी तुमचं पोस्ट म्हणजे तुमचा ई-मेल. आमच्या एजंटानं अर्जात मुलीचा म्हणून स्वतःचाच ई-मेल लिहून ठेवला होता. पुढे त्याचं दुकान बंद झालं, फोन लागेना. त्याच सुमारास जावयांनीही भाड्याची खोली बदलली. पत्ता बदलल्याचं त्यांनी नोकरीच्या ठिकाणी कळवलं, बँकेत कळवलं, पण अर्जापुरता कळवायचं राहून गेलं. सूचना आली ती एजंटाच्या बंद पडलेल्या डब्यात, आणि तिची प्रत निघाली जुन्या खोलीच्या पत्त्यावर. इकडे आम्ही रोज पोस्टमनची वाट पाहत होतो! आठ महिन्यांनी जावयांनी सहज फाइलचा क्रमांक घालून पाहिला, तेव्हा कळलं की त्यांनी आपल्याला केव्हाच हाक मारली आहे आणि आपण ओ दिलेली नाही.

आठ महिने म्हणजे काय, ते मग नियम वाचताना उमगलं आणि पोटात गोळा आला. व्हिसाचा नंबर उपलब्ध झाल्याची सूचना मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्जदारानं काहीच हालचाल केली नाही, तर तिकडच्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी रद्द होऊ शकते. दोन वर्षांची वाट पाहणं पाण्यात. कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे दाखवता आलं तर त्या सूचनेपासून दोन वर्षांच्या आत फाइल पुन्हा चालू करण्याची सोय आहे, पण ती विनवणीची वाट झाली. आम्ही चार महिने राखून वाचलो. पत्ता बदलल्यामुळे फाइल धोक्यात येत नाही, पत्ता न कळवल्यामुळे येते, हे आम्हाला असं अंगावर येऊन कळलं.

ही रांग इतकी मोठी का, असाही प्रश्न पडतो. अमेरिकेच्या नागरिकानं नवऱ्याला किंवा बायकोला बोलावलं तर संख्येची मर्यादा नाही, कागदांना लागेल तेवढाच वेळ. ग्रीन कार्डवाल्यानं बोलावलं तर मात्र वार्षिक मर्यादा आहे आणि अर्जाच्या तारखेप्रमाणे नंबर लागतो. मधल्या काळात ग्रीन कार्डवाला नागरिक झाला तर त्याची बायको रांगेतून बाहेर येऊन थेट आत जाते. पण नागरिक झाल्याचंही कचेरीला कळवावं लागतं. आमचे जावई आता त्या खटपटीत आहेत. इतिहास पाहिला तर ही रांगसुद्धा बरी म्हणायची. १९१७ च्या कायद्यानं हिंदी माणसाला अमेरिकेचं दार जवळजवळ बंदच झालं होतं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. कॅलिफोर्नियात शेतावर राबणाऱ्या कित्येक पंजाबी शेतकऱ्यांच्या बायका त्या काळात गावाकडेच राहिल्या. १९६५ च्या कायद्यानंतर चित्र पालटलं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्या मराठीतली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या त्या न्यू जर्सीतल्याच रोझेल गावी, कार्पेंटर बाईंच्या घरी. तेव्हा व्हिसा नव्हता, मुलाखत नव्हती. होती ती पत्रं. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, पुढे कलकत्ता, श्रीरामपूर, असा त्यांचा संसार फिरत राहिला. पण कार्पेंटर बाईंची आणि आनंदीबाईंची पत्रं एकमेकींना मिळत राहिली, आणि त्या पत्रांनीच त्यांना एक मावशी आणि परदेशात एक घर मिळवून दिलं. मुक्काम बदलत होता, पोस्ट तुटलं नाही. टपालातल्या माणसाच्या घरात ते भान असणारच!

आता जुन्या पत्त्यांविषयी. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात वयाच्या सोळाव्या वर्षापासून तुम्ही कुठे कुठे राहिलात ते सगळं विचारतात. शहरातल्या एकाच घरात वाढलेल्याला त्यात काही वाटणार नाही. पण ऊर्जानगर हे गावच बदलीचं. १९८३ साली केंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून कोकणातली, खानदेशातली, मराठवाड्यातली माणसं इथे आली, राहिली, बढती मिळाली की मोठ्या क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्त झाली की आपापल्या गावी परतली. इथे माणूस दारावरची पाटी स्क्रूनं लावतो, सिमेंटनं नाही. मुलगी यादी करायला बसली तेव्हा दोन क्वार्टर, नागपूरचं वसतिगृह, वणीचं सासर, पुन्हा क्वार्टर आणि आता तुकूम, असे सहा पत्ते निघाले. जुन्या क्वार्टरचा क्रमांक कुणालाच आठवेना. शेवटी तो सापडला एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर. म्हणून सांगतो, घर सोडताना जुनी वीजबिलं, वाटपाची पत्रं, शाळेचे दाखले रद्दीत घालू नका. महिने-वर्षं यांसह पत्त्यांची एक यादी करून ठेवा.

इथे लोक आणखी एक चूक करतात. घर बदललं की विवाह प्रमाणपत्रावरचा, शाळेच्या दाखल्यावरचा जुना पत्ताही बदलून घ्यायला धावतात. तसं काही करायचं नसतं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंद होते. त्या दाखल्यावर लग्नाच्या वेळचा पत्ता असतो आणि तोच असायला हवा. आमचा निकाहनामा उर्दूत होता. त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करावं लागलं, पण त्यातला जुना क्वार्टर तसाच राहू दिला. जुना पत्ता खोटा नसतो, तो जुना असतो, इतकंच. खोटं होतं ते तेव्हा, जेव्हा ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात आपण सोडून आलेलं घर लिहितो.

सध्याच्या पत्त्यासाठी काय करायचं? आधी घरच्या कर्त्या माणसाचं आधार कार्ड बदलून घ्यावं, मग मुलीचं. कारण अशा मुलींची अडचण मोठी विचित्र असते. भाडेकरार वडिलांच्या नावावर, वीजबिल घरमालकाच्या नावावर, सासरचा शिधापत्रिकेतला उल्लेख सासऱ्यांच्या नावाखाली. स्वतःच्या नावाचा एक कागद नाही. २०२३ पासून आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं घरातल्या माणसाचा पत्ता ऑनलाइन बदलण्याची सोय झाली आहे, ती अशा वेळी कामाला येते. पोलिसांच्या दाखल्यासाठी पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करायचा तो नव्या घरात स्थिरावल्यावर करावा. सामान हलवायच्या आठवड्यात अर्ज केला आणि चौकशीला आलेल्या शिपायाला जुन्या दाराला कुलूप दिसलं, तर अहवाल उलटा जातो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ठाण्याची हद्द बदलत असेल तर तेही विचारून घ्यावं.

आणि टपाल. जुन्या आणि नव्या, दोन्ही टपाल कचेऱ्यांत लेखी कळवावं. रजिस्टर्ड पत्राची आपल्याला सवय होती. ते माणसाच्या हातात पडायचं, सही घेतल्याशिवाय पोस्टमन हलायचा नाही. स्पीड पोस्ट पत्त्यावर पोचतं. २०२५ साली रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आता ज्याला पत्र विशिष्ट माणसाच्याच हाती द्यायचं असेल, त्यानं तशी सेवा वेगळी मागायची. म्हणजे आपला पत्ता बिनचूक असणं पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालं.

काही जणांच्या मनात येईल, आमच्याकडे उलटं आहे, सून किंवा जावई परदेशी आहे. त्यांनाही नियम सोडत नाही. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला नोंदणी करून नागरिकत्व मागायचं असेल, तर अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं. या सात वर्षांत एखाद्या संसाराची किती घरं बदलतात ते तुम्हीच मोजा. दर वेळी नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मघाशी सांगितलेला १९३९ चा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून गेला आणि इमिग्रेशन व परदेशी नागरिकांविषयीचा २०२५ चा नवा कायदा आला, तरी पत्ता कळवण्याचं बंधन आहेच. फाळणीनं दुभंगलेल्या घरांत सरहद्दीपलीकडून आलेल्या सुनांनी या नोंदींसाठी पोलिसांच्या कचेरीत किती फेऱ्या मारल्या, ते त्यांच्या सासरच्या माणसांनाच ठाऊक. त्या बायकांपुढे आमची काळजी मला लहान वाटते.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? आम्ही एक दोनशे पानी वही केली आहे. पहिल्या पानावर फाइलचे दोन्ही क्रमांक, जावयांचा पत्ता, मुलीचा पत्ता, दोघांचे ई-मेल आणि फोन. ई-मेल स्वतःचेच, आणि त्यांचे परवलीचे शब्द दोघांनाच ठाऊक. पुढच्या पानांवर कुणाला कधी काय कळवलं, त्याची पोच कधी आली. पंधरवड्यातून एकदा फाइलची स्थिती पाहायची आणि तारीख टाकायची. फोनचा नंबर बदलायचा नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा सांगोवांगी न चालता अधिकृत संकेतस्थळ वाचायचं. एजंटाची किंवा वकिलाची मदत जरूर घ्या, पण आपलं पोस्ट त्याच्या हाती देऊ नका.

एक रकाना मात्र वहीत नाही, तो अर्जातच आहे. नवराबायको शेवटचे एकत्र कुठे राहिलात, त्या घराचा पत्ता लिहा, असं तिथे विचारतात. जावयांनी वणीच्या घराचा पत्ता लिहिला होता, सुरुवातीची आणि शेवटची तारीख घालून. चाळीस दिवस. मी आयुष्यभर फॉर्म भरले आणि भरून घेतले, पण दोन तारखांमधलं इतकं कमी अंतर वाचून असं कधी गलबललो नव्हतो.

परवा मुलीनं स्वतःच्या हातानं व्हिसा सेंटरला तुकूमचा पत्ता आणि स्वतःचा ई-मेल कळवला. उत्तर आलं ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्ता नोंदवला आहे, फाइल चालू आहे. आम्ही क्वार्टरच्या मुदतवाढीचा अर्ज लिहून ठेवला होता, तो फाडून टाकला. त्या रात्री मुलीची आई अंगणात बराच वेळ बसून होती. पंचवीस वर्षं याच अंगणात ती संध्याकाळी बिबट्याच्या भीतीनं मुलांना घरात हाका मारून घेत आली. आता म्हणाली, “हे अंगण सुटणार हो.” इतके दिवस फाइलच्या धास्तीत घर सोडण्याचं दुःख करायलाही आम्हाला फुरसत मिळाली नव्हती. ती त्या रात्री मिळाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)